पावसाआधीची पालवी

चैत्रात माळावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, ओढे आटलेले असतात, आणि नेमका त्याच दिवसांत कुसुंब लालेलाल होतो. लांबून वाटतं झाड फुललंय. जवळ गेलं की कळतं, ती कोवळी पानं आहेत.

पाऊस दोन महिने लांब असताना एवढ्या पानांना पाणी येतं कुठून? याची तजवीज पानगळीतच झालेली असते. पानांवाटे पाण्याची सतत वाफ होत असते. पानं गळाली की हा खर्च थांबतो, आणि मुळांनी खालून ओढलेलं पाणी खोडात मुरत जातं. ते पुरेसं साठलं की अंकुर फुटतात. मुहूर्त बहुधा वाढत्या दिवसावरून ठरतो. महाराष्ट्रात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. तेवढ्यावर झाडाने पंचांग वाचावं, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

पण एवढी घाई कशाला? अळ्यांमुळे. कोवळं पान मऊ आणि पौष्टिक, आणि पाऊस पडला की ते खाणाऱ्या किड्यांचं पेव फुटतं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या पानगळी जंगलात मुरली आणि सुकुमार या संशोधकांनी झाडांची पालवी आणि कुरतडलेली पानं यांचा मेळ घातला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, कोरड्या दिवसांतच पालवणाऱ्या झाडांचं नुकसान उशिरा पालवणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. थोडक्यात, जून महिना उजाडेपर्यंत पान जून झालेलं बरं!

लाल रंग अँथोसायनिनचा. कोवळ्या पानातलं हरितद्रव्य अजून पुरतं तयार नसतं, तेव्हा हे रंगद्रव्य जादा प्रकाश अडवतं. बऱ्याच किड्यांना लाल रंग नीट दिसत नाही, हाही फायदा असावा असं काहींचं म्हणणं आहे. पिंपळाची तांबूस पालवी त्याच जातकुळीतली. करंज मात्र या भानगडीत न पडता पोपटी पानांनी झगमगतो.

पक्ष्यांचं वेळापत्रकही असंच ज्याच्या त्याच्या पोटावर ठरतं. तांबट मुख्यतः फळं खाणारा, त्यामुळे वड-उंबर पिकले की त्याला पावसाची वाट पाहावी लागत नाही. भर उन्हात त्याची टुक्‌-टुक्‌ चालूच. कोकिळेला कावळ्याच्या घरट्याकडे डोळा ठेवावा लागतो, कारण तिची अंडी तो उबवणार. सुगरण पक्षी मात्र थांबतो. त्याला विणायला हिरवं, लवचीक गवत लागतं, आणि पिलांना भरवायला तेच किडे, ज्यांना कुसुंबाने चुकवलेलं असतं.