पाऊस वाटेतच विरतो, वारा मात्र पोचतो

धारावीच्या कुंभारवाड्यातून माठ आणला की दर उन्हाळ्यात आमच्याकडे एकच तक्रार असते: पाणी हवं तसं गार होत नाही. यात कुंभाराचा काही दोष नाही. मुंबईची हवा आधीच ओलीगच्च, माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी ती आणखी किती शोषणार? आमच्या इमारतीखालचे किराणावाले सेठ मूळचे राजस्थानातल्या बाडमेरचे. ते म्हणतात, असाच माठ आमच्या गावी ठेवा, भर दुपारी दात शिवशिवतात की नाही बघा. सेठ थोडं वाढवून सांगतात, पण मुद्दा बरोबर आहे. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना मागे उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं.

त्यांच्या गावाकडची उन्हाळी आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, समजून घ्यायची तर या माठापासूनच सुरुवात करावी लागते.

मुळात वाळवंटात गडगडाटी ढग येतो कुठून? भूमध्य समुद्राकडून वातावरणाच्या वरच्या थरांतून पश्चिमी प्रक्षोभ येत असतात. काश्मीर-हिमाचलला हिवाळ्यात बर्फ देणारे तेच हे. उन्हाळा लागला की त्यांचा मार्ग उत्तरेकडे सरकतो, पण येणं एकदम थांबत नाही. असा एखादा प्रक्षोभ एप्रिल-मेमध्ये आला की वरची हवा गार होते, पश्चिम राजस्थानवर वाऱ्यांचं एक चक्र तयार होतं आणि त्यात अरबी समुद्रावरचा थोडा ओलावा ओढला जातो. खाली तव्यासारखी तापलेली जमीन, वर गार हवा. ढगाला उभं राहायला एवढं पुरतं.

पण हा ढग आपल्या पावसाळी ढगासारखा डोक्यावर टेकत नाही. एक ढोबळ हिशोब आहे: हवेचं तापमान आणि तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) यांच्यातल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ सुमारे १२५ मीटर वर जातो. मुंबईत जूनमध्ये तापमान ३३ आणि दवबिंदू २६ असेल, तर तळ ९०० मीटरच्या आतच. जैसलमेरला मेच्या दुपारी तापमान ४३ आणि दवबिंदू १५ धरा. फरक २८ अंशांचा, म्हणजे तळ साडेतीन किलोमीटर उंचीवर!

आता त्या उंचीवरून थेंब निघतो आणि खालच्या भाजणाऱ्या, कोरड्या हवेत शिरतो. बरेचसे थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. ढगाखाली राखाडी झालरी लोंबताना दिसतात, त्या अधांतरीच संपतात. खाली उभ्या माणसाला वाटतं, पाऊस हुकला. वर मात्र माठाचाच खेळ सुरू असतो, आणि तोही अवाढव्य प्रमाणावर. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी उडालं की ती हवा सुमारे अडीच अंशांनी गार होते. गार हवा जड, म्हणून ती खाली कोसळते. खाली येताना दाबाने ती किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंश तापते हे खरं, पण वाळवंटातल्या दुपारी भोवतालची हवाही तळापर्यंत त्याच दराने तापत गेलेली असते. त्यामुळे कोसळणारी हवा शेजारच्या हवेपेक्षा शेवटपर्यंत गारच राहते आणि तिचा वेग वाढतच जातो. जमीन आली की वाट संपते. मग ती चहूकडे फुटते. नळाची धार मोरीच्या फरशीवर पडून पसरते, अगदी तशी.

या प्रकाराला डाउनबर्स्ट म्हणतात. हे नाव देणारे हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांची गोष्ट विलक्षण आहे. १९४५ मध्ये बाँब पडल्यानंतर काही आठवड्यांनी ते नागासाकीला गेले होते. स्फोटाच्या लाटेने उखडलेल्या खुणा एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या बाहेर पसरलेल्या त्यांनी पाहिल्या. जवळपास तीस वर्षांनी अमेरिकेत, वादळाने आडव्या झालेल्या जंगलावरून विमानातून जाताना त्यांना तीच नक्षी दिसली. १९७५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरताना एक प्रवासी विमान पडलं, त्याच्या तपासात फुजितांनी बोट ठेवलं ते याच कोसळणाऱ्या हवेवर. आधी कित्येक हवामानतज्ज्ञांना ते पटलं नव्हतं.

थरच्या वाळवंटात या फुटलेल्या हवेपुढे मोकळी वाळू पसरलेली असते. वाळूचे जाड कण फार वर जात नाहीत, टुणटुण उड्या मारत पुढे सरकतात. पण प्रत्येक उडीगणिक ते जमिनीवरची बारीक धूळ ठोकरून मोकळी करतात, आणि खरी वर चढते ती ही धूळ. वाळवंटातले वारे अभ्यासणाऱ्या राल्फ बॅगनॉल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटात या उड्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. धुळीची भिंत किलोमीटरभर उंच होऊ शकते. सुदानमध्ये तिला हबूब म्हणतात, राजस्थानात काली-पीली आंधी. ती आली की काही मिनिटांत पारा दहा-दहा अंश उतरतो. उकाड्याने हैराण झालेली माणसं एका हाताने डोळे झाकत त्या गारव्याला दुवा देतात, असं सेठ सांगतात.

ओल्या मुंबईला याचं काय? १३ मे २०२४ ची दुपार आठवा. वळिवाचा ढग आला, पण पावसाआधी पोचली ती धूळ. दिवसाढवळ्या अंधारलं, विमानतळ काही काळ थांबला आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. परवानगीची मर्यादा होती ४० बाय ४०. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी ३० किलोमीटरचा वारा ९० झाला की दाब तिप्पट नाही, नऊपट. आणि तिप्पट लांबी-रुंदी म्हणजे पृष्ठभागही नऊपट. हे दोन नऊ एकमेकांना गुणून पाहा.

वाळवंटाच्या कडेला हेच रात्री घडतं तेव्हा जास्त घात होतो. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अशा वादळांत शंभरावर माणसं गेली. पुष्कळजण झोपेतच भिंती आणि छपरांखाली सापडले.

दिवसा निदान भिंत येताना दिसते. ती दहा किलोमीटरवर असेल आणि वेग ताशी ६०, तर हाती दहा मिनिटं. सेठना मी विचारलं, तेवढ्यात तुम्ही काय करायचात? ते म्हणाले, "पहले खाट अंदर, फिर बकरी, फिर पत्र्यावर दगड." आणि पाऊस? "वो तो आया तो आया."