‘फौजी पोरीचं पुस्तक’ नेणाऱ्या सभासदांसाठी

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासून काउंटरवर एकच विचारणा आहे, "ते फौजी पोरीचं पुस्तक आलं का?" मुखपृष्ठावरचं नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. शेवटी आम्हीही रजिस्टरमध्ये तसंच लिहायला लागलो. अंतराळातली लढाई, एक हवालदार मुलगी आणि पहिल्या पानापासून पळापळ. चार प्रती घेतल्या, चारही कायम बाहेर असतात. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून, वरणगावहून, सावद्याहून, थेट अमळनेरहून लोक नंबर लावतात. प्रत परत आली की पुढच्या माणसाला ती मिळायला दोन-दोन दिवस का लागतात, हे मात्र सगळेच विचारतात. म्हणून हे पत्रक.

कारण असं की, परत आलेली प्रत आम्हाला पान न पान तपासावी लागते. या पुस्तकात लोक लिहितात.

इतर पुस्तकांत फार तर एखादा फोन नंबर सापडतो, नाहीतर किराण्याची यादी. या पुस्तकाच्या समासात मात्र माणसं बोलतात. "अगं, मागे बघ!" "हा अधिकारी खोटं बोलतोय." "असं होत नसतं." "शाब्बास!" वाचताना तोंडातून निघालेलं कागदावर उतरलेलं असतं, हे दिसतं आणि बरंही वाटतं. पण एका प्रतीत ६१व्या पानावर कुणीतरी निळ्या बॉलपेनने, टोळीतला फितूर कोण ते नाव घालून लिहून ठेवलं. ती प्रत सात घरं फिरून आली तेव्हा आम्हाला कळलं, तेही कॉलेजच्या एका मुलीने सांगितलं म्हणून. ती म्हणाली, "ताई, मला ६१व्या पानावरच कळलं. पुढची दोनशे पानं मी नुसती संपवली." त्यावर तिला काय सांगणार? तिने तीन आठवडे नंबराची वाट पाहिली होती.

त्या ओळीवर आम्ही पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. उजेडाकडे धरली की अक्षरं दिसतात. शेवटी ती प्रत बाद करून नवी घेतली.

पेन्सिल चालेल का, असं विचारतात. नाही. पेन्सिल खोडायची तर मऊ खोडरबर एकाच दिशेने फिरवावं लागतं, नाहीतर कागदाचा भुगा निघतो. तीनशेच्या वर पानं आहेत, एका प्रतीला सहज दीड तास जातो. बॉलपेन तर निघतच नाही. व्हाइटनर लावून पाहिला, पण आपल्याकडच्या मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला पानाला पान चिकटतं. सोडवताना छपाई उचलून येते.

तेव्हा कृपा करून पुस्तकात काहीही लिहू नका. प्रत्येक प्रतीच्या मागच्या पाकिटात पिवळ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. पान क्रमांक टाका आणि मनात येईल ते लिहा. साठाव्या पानाच्या पुढचं काही उघड होत असेल तर चिठ्ठी दुमडून वर ‘आतलं’ असं लिहा. काउंटरवर दोन वह्या आहेत. एक सगळ्यांसाठी उघडी असते. दुसरी वही पुस्तक वाचून झालेल्यांनीच मागायची, ती आम्ही ड्रॉवरमध्ये ठेवतो. चिठ्ठ्या संध्याकाळी त्या-त्या वहीत चिकटवतो.

पेनाने लिहिलेलं आढळलं तर अनामतीतून प्रतीची किंमत कापून घेतो. यावर दोन-तीन जणांनी नाराजी दाखवली. "वाचनालय आहे, पुस्तक वापरलं जाणारच," असं त्यांचं म्हणणं. वापरलं जाणारच, ते मान्य आहे. हळदीचा डाग आम्ही कधी मोजला नाही. सुटी झालेली पानं फुकट शिवून देतो. पण दुसऱ्याच्या वाचनातला धक्का आधीच काढून घेणं हा वापर नव्हे. अण्णांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर सायकलवर पुस्तकं वाटत हे वाचनालय उभं केलं, तेव्हापासून नियम एकच आहे. पुस्तक ज्याच्या हाती जाईल त्याला ते नवं वाटलं पाहिजे.

आता त्या वह्यांविषयी. चिठ्ठ्यांत इतकं काही जमलं आहे की निम्मे लोक आता पुस्तकाआधी वही वाचून जातात.

सर्वांत जास्त तक्रार वेगाची. अमळनेरच्या एका वाचकांनी लिहिलं, "हाई पोर दम लेऊ देस नही." काहींनी हेच कौतुकाने लिहिलं, काहींनी वैतागून. या वेगाचं कारण आम्हाला समजावलं ते मालगाडी चालवणाऱ्या आमच्या एका लोको पायलट सभासदांनी. रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडी चालवणाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, दोन रात्रींत त्यांनी पुस्तक संपवलं. त्यांचं म्हणणं असं : ती पोर घाई करत नाही, तिला आदेश वेळेवर मिळत नाही. मुख्य ठाणं इतकं लांब आहे की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत प्रसंग संपलेला असतो. हे खरंच तसं आहे. रेडिओचा संदेश प्रकाशाच्याच वेगाने जातो, तरी पृथ्वीवरून मंगळावर पोचायला त्याला ग्रहांच्या अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. मग जे काय ठरवायचं ते तिनेच, तिथेच. ही गोष्ट लक्षात ठेवून वाचलं तर पहिल्या चाळीस पानांतली धावपळ अंगावर येत नाही.

त्यांनी आणखी एक चिठ्ठी लिहिली, ब्रेकबद्दल. भरलेल्या मालगाडीला थांबायला किलोमीटरच्या आसपास जागा लागते. तरी तिथे रूळ आहे, घर्षण आहे. अंतराळात धरायला काहीच नाही. जेवढा वेळ इंजिन लावून वेग घेतला, जवळपास तेवढाच वेळ यान उलटं फिरवून इंजिन लावावं लागतं. कादंबरीत एके ठिकाणी यान झटक्यात थांबतं, तिथे लेखकाने सूट घेतली आहे, असं त्यांनी पान क्रमांकासह दाखवून दिलं. त्यांचं बरोबर आहे.

वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. बंदुकीच्या काडतुसांत आयुष्य गेलेलं. "हवा नाही तिथे गोळी कशी सुटेल?" असं चार जणांनी वहीत विचारलं होतं. काकांनी त्याखाली अर्धं पान उत्तर लिहिलं. काडतुसातल्या दारूला जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रसायनातच असतो, बाहेरची हवा लागत नाही. गोळी सुटते. आवाज मात्र पोचत नाही, कारण आवाजाला माध्यम लागतं. आणि खरी पंचाईत धक्क्याची. दहा ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटरने सुटली, तर पोशाखासकट १०० किलोचा सैनिक सेकंदाला ८ सेंटिमीटरने मागे सरकू लागतो. जमिनीवर पाय रोवलेले असतात म्हणून कळत नाही. तिथे तो सरकतच राहतो. तीस गोळ्या झाडल्या तर वेग सेकंदाला जवळपास अडीच मीटर. हवालदारीण प्रत्येक वेळी गोळी झाडण्याआधी स्वतःला दोरीने का बांधून घेते, हा प्रश्न त्यामुळे एकदाचा मिटला. हे उत्तर आम्ही झेरॉक्स करून भिंतीला लावलं आहे.

दुसरा मोठा वाद : "बाईच कशाला?" हे पुरुषांनीच विचारलं असं नाही, दोन काकूंनीही विचारलं. यात आम्ही गप्प बसणार नाही. पुस्तकातली गोष्ट कल्पनेची असली तरी अंतराळात गेलेल्या फौजी बायका खऱ्या आहेत. पहिली अंतराळवीर स्त्री व्हॅलेंतिना तेरेश्कोवा आधी कापड गिरणीत कामाला होती, छंद म्हणून पॅराशूट घेऊन उड्या मारायची. १९६३ च्या जूनमध्ये तिने पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या घातल्या. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात तरी ही गोष्ट सांगायला हवी. १९८४ मध्ये यानाबाहेर पडून काम करणारी पहिली स्त्री, स्वेतलाना सावित्स्काया, वैमानिक होती. १९९९ मध्ये अमेरिकी स्पेस शटलचं नेतृत्व करणाऱ्या आयलीन कॉलिन्स हवाई दलातल्या, तर सुनीता विल्यम्स नौदलातल्या हेलिकॉप्टर वैमानिक. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या सुनीता २८६ दिवस राहून मार्च २०२५ मध्ये परतल्या. आणि आपल्याकडे बघा. सैनिकी पोलिसांत महिला जवानांची ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बाहेर पडली. खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये. आमच्याकडे एनसीसीच्या ज्या मुली हे पुस्तक नेतात, त्या हा प्रश्न विचारत नाहीत.

"तिच्या लग्नाचं काहीच नाही," अशीही चिठ्ठी आहे. तिच्या शेजारी आमच्या सर्वांत जुन्या सभासद बाईंची चिठ्ठी चिकटवली आहे. त्या शाळेत शिकवायच्या, आता भिंग घेऊन वाचतात. त्यांनी लिहिलं : "तिला भूक लागते, बूट चावतात, झोप येते आणि तरी ती पहाऱ्यावर उभी राहते. मला एवढं पुरे."

पुस्तक अर्ध्यात परत आणणाऱ्यांसाठी दोन शब्द. बहुतेक जण तिसऱ्या प्रकरणात थांबतात, कारण तिथे एकदम अकरा नावं येतात. चिठ्ठीच्या पाकिटात एक खूणपट्टी आहे, तिच्यावर नावं आणि हुद्दे क्रमाने लिहिले आहेत. ती समोर ठेवा. पहिली चाळीस पानं तुकड्या-तुकड्यांत नको, दुपारची जेवणं आटोपल्यावर एका बैठकीत वाचा. त्यानंतरही नाही रुचलं तर चार दिवसांत परत आणा. त्या महिन्यात बदली पुस्तक वेगळे पैसे न घेता देतो.

शेवटचं पान आधी वाचायची सवय असेल तर आम्ही अडवू शकत नाही. फक्त कुणाला सांगू नका.

दुसरा भाग मागवला आहे. पहिला भाग परत केल्याशिवाय दुसरा देत नाही, कारण दोन्ही एका घरी अडकले की मागचे दहा जण खोळंबतात. ज्यांना घाई आहे, किंवा ज्यांना समासात लिहिल्याशिवाय वाचताच येत नाही, त्यांनी स्वतःची प्रत घ्यावी. सभासदांना पंधरा टक्के सवलत आहे, जाड प्लॅस्टिकचं कव्हर आम्ही घालून देतो, आणि त्यात हवं तेवढं लिहा. याच धाटणीचं आणखी काही हवं असेल तर काउंटरवर विचारा. मराठीत विज्ञानकथेचं दालन लहान नाही. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांची पुस्तकं मधल्या कपाटात दुसऱ्या फळीवर आहेत, आणि ती लगेच मिळतात.

वरणगाव आणि सावदा इथे दर शनिवारी घरपोच पुस्तकं येतात, आदल्या दिवशी दुपारी चारपर्यंत कळवावं. वाचनालय सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ, सोमवारी बंद. ‘आतलं’ची वही मागताना पुस्तक पूर्ण झालं का, एवढं आम्ही विचारू. त्याचा राग मानू नये.