खारजमिनींचा ऱ्हास

कोकण किनाऱ्यावर खाड्यांच्या काठी बांध घालून, भरतीचे पाणी अडवून भातशेतीखाली आणलेल्या जमिनी पुन्हा खाऱ्या पाण्याखाली किंवा भरावाखाली जाणे. अशा जमिनीला रायगड-ठाण्याकडे खार किंवा खारी जमीन, तर तळकोकणात व गोव्यात खाजण म्हणतात. सरकारी कागदोपत्री खारभूमी हा शब्द रूढ आहे. रायगड जिल्ह्यातील (पूर्वीचा कुलाबा) पेण, अलिबाग, उरण व पनवेल हे तालुके खारशेतीचे प्रमुख क्षेत्र. धरमतर खाडीलगतच्या पेण-अलिबाग पट्ट्याला खारेपाट असेच नाव आहे.

‘खार’ हा शब्द ‘क्षार’वरून आला याबद्दल वाद नाही. ‘खाजण’ची व्युत्पत्ती मात्र लागत नाही. ध्वनिसाम्यावरून साठा या अर्थाच्या अरबी शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. परंतु गोव्यात बांदिवडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्मन् याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख येतो. हा ताम्रपट साधारणपणे सहाव्या-सातव्या शतकातला मानला जातो. हा काळ ग्राह्य धरला, तर अरबी उगम टिकत नाही आणि शब्द देशी असावा असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. समुद्राचे पाणी बांधाने अडवून जमीन लागवडीस आणण्याची पद्धत गोव्यात तेव्हा माहीत होती, असेही या ताम्रपटावरून दिसते. त्यावरून कुलाब्यातील खारबंदिस्तीही तितकीच जुनी ठरवणे मात्र घाईचे होईल. तेथील पुरावा बराच नंतरचा असून तो मुख्यतः ‘शिलोत्री’ या धारापद्धतीच्या नोंदींतून मिळतो. शिलोत्रीचे नाते ‘शिला’शी असावे असे वरवर वाटते, पण जुने बांध प्रायः चिखलमातीचे असल्याने ते पटत नाही. पनवेल तालुक्यातील शिलोत्तर रायचूर या गावाच्या नावात हा शब्द आजही शिल्लक आहे.

शिलोत्रीदार स्वखर्चाने दलदल बंदिस्त करी आणि समुद्राकडचा बांध, म्हणजे बाहेरकाठा, राखण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. त्याबदल्यात कसणाऱ्या कुळांकडून त्याला बिघ्यामागे ठराविक भात मिळे. ही देवाणघेवाण ध्यानात न घेता खारजमिनीचा ऱ्हास समजत नाही, कारण ही जमीन एकदा मिळवली की कायमची मिळाली असे नसते. ती दरवर्षी नव्याने राखावी लागते.

बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे खाडीच्या बाजूला वर टांगलेली फळी किंवा झडप. भरतीचे पाणी तिला दाबून बंद करते, आणि ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याचा रेटा तिला उघडतो. फळी कुजली किंवा तिच्याखाली एखादे लाकूड अडकले, तरी खारे पाणी आत येऊ लागते. बांधाचा दुसरा शत्रू खेकडा. त्याच्या बिळातून उधाणाच्या भरतीला करंगळीएवढी धार झिरपते. ती त्याच दिवशी चिखलाने बुजवली नाही, तर पुढच्या भरत्यांत माती वाहून जाते आणि बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते. गावकी उधाणाच्या दिवसांत बांधावर फेरी मारी, ती यासाठीच.

मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की ती माती लवणयुक्त समजतात. भाताचे उत्पन्न साधारण ३ पासूनच घसरू लागते. खारेपाटातील शेतकरी ही अडचण पावसावर सोडवी. पहिले पाऊस शेतात साठवून उघाडीतून सोडून द्यायचे, मीठ खाली व बाहेर गेले की मोड आणलेले भात फेकून पेरायचे. बरेचदा नांगर न लावताच. त्यासाठी ‘राता’ नावाचे लाल तांदळाचे, खारेपणा सोसणारे वाण होते. पुढे पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’ व ‘पनवेल-३’ ही वाणे दिली. खांड एकदा मोठी पडली की खारे पाणी महिनोन्‌महिने आत-बाहेर करते. मग बांध पुन्हा घातला तरी मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात, आणि तेवढा काळ शेतकऱ्याला कोणतेही पीक नसते.

ऱ्हासाच्या कारणांविषयी तीन मते आढळतात. पहिले मत समुद्रपातळी वाढल्याचे आहे. जगाची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटीमीटर वाढली, आणि भरतीच्या पाण्यापेक्षा जेमतेम हातभर उंच असलेल्या बांधाला एवढी वाढ पुरेशी आहे. दुसरे मत खाड्यांतील रेतीउपसा, गाळउपसा, मालवाहू बार्जेसच्या लाटा आणि मुखाजवळचे भराव यांना दोष देते. तिसरे मत बांधांच्या दुरुस्तीची व्यवस्था मोडल्याला प्राधान्य देते. तिन्हीत तथ्य आहे. मात्र अनेक बांध बरीच वर्षे दुरुस्तीविना राहिल्यावर साध्या उधाणातही फुटलेले आहेत, हे पाहता तिसरे कारण मुळाशी व पहिली दोन त्यावर वजन टाकणारी, असे मानणे योग्य वाटते.

ही व्यवस्था मोडली कशी? जुन्या व्यवस्थेत कुळांवरील जाच खरा होता. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांनी १९३३ पासून (काही जण १९३२ धरतात) १९३९ पर्यंत जमिनी न कसण्याचा संप केला, तो याच पट्ट्यात. कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे मालक झाले. ही मोठी न्याय्य गोष्ट घडली. पण बाहेरकाठ्याची जबाबदारी जुन्या मालकाकडून निघाल्यावर ती कोणावर, हा प्रश्न उरला. १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने, आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने ती सरकारने बऱ्याच अंशी स्वतःकडे घेतली. खेकड्याचे बीळ त्याच दिवशी बुजवायचे काम अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांच्या वेळापत्रकात बसत नाही. गावकीचा हात सुटला आणि त्याची जागा पूर्णपणे भरली गेली नाही.

दुसरीकडे भरावाने जमिनी गेल्या. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. तीत भातखाचरे होती, मिठागरे होती. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण या लढ्यातून आले. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. पुढे महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी संपादन सुरू झाल्यावर पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले. कौल प्रचंड बहुमताने विरोधात गेल्याचे मानले जाते आणि प्रकल्प पुढे बारगळला. त्या विरोधाच्या मुळाशी असलेले, शेतीसाठी अपेक्षित हेटवण्याचे पाणी मात्र बऱ्याच अंशी नव्या मुंबईला जाते.

खांड पडलेल्या शेतात काही वर्षांत कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांमुळे, तसेच किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांमुळे ते तोडता येत नाही. किनाऱ्याचे रक्षण म्हणून हे संरक्षण आवश्यकच आहे. परंतु जिथे सातबाऱ्यावर आजही शेतकऱ्याचे नाव आहे आणि बांध त्याच्या चुकीने फुटलेला नाही, तिथे त्याची जमीन ना शेती राहते ना संपादित ठरते, म्हणून मोबदलाही मिळत नाही. खारेपाटातील सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे.

रत्नागिरी व सिंधुदुर्गातील खाजणे आकाराने लहान व विखुरलेली असून तेथील ऱ्हासाची नोंद तुटक आहे. पालघरकडे खारजमिनींचे बरेच क्षेत्र मिठागरांखाली होते. राता भाताचे बियाणे शेतकरी घरच्या घरी राखत. ज्या गावांत काही हंगाम पेरणीच झाली नाही, तिथून ते नाहीसे होत गेले.