गद्य संपून पद सुरू होते तेव्हा: संगीत नाटकातल्या आवाजाची पार्श्वभूमी

नाट्यसंगीताच्या मैफलीत उत्तम आवाज कोणता, हे सांगायला श्रोत्याला फार विचार करावा लागत नाही. सुरेल, गोड, तिन्ही सप्तकांत सहज फिरणारा, दाणेदार तान घेणारा गळा असला की दाद मिळते. ही कसोटी मैफलीपुरती ठीक आहे. नाटकात मात्र पद सुरू होण्याआधी त्याच तोंडून गद्य वाक्ये आलेली असतात आणि पद संपल्यावर त्याच पात्राला समोरच्या पात्राशी पुन्हा बोलायचे असते. बोलत होती रुक्मिणी आणि गायला लागला गवई, असे झाले की तयारीचा गळासुद्धा नाटकाला परका ठरतो. संगीत नाटकातला आवाज खरा ओळखू येतो तो गद्य आणि पद यांच्या या सांध्यावर, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मराठी रंगभूमीवर हा सांधा केव्हा निर्माण झाला आणि वेगवेगळ्या गायकनटांनी तो कसकसा सांभाळला, याची पार्श्वभूमी पुढे दिली आहे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. त्या नाटकांत पद्य गाण्याचे काम मुख्यतः सूत्रधार आणि त्याचे साथीदार करीत, आणि पात्रे त्या पद्याच्या अनुरोधाने हावभाव करून आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोलत. सूत्रधाराला कीर्तनकाराचा खणखणीत गळा लागे; राक्षसाची भूमिका करणाऱ्याला आरोळ्या ठोकण्यापुरता आवाज पुरे. पुढे या नाटकांना थट्टेने ‘अललडुर्र’ हे नाव पडले ते त्या आरोळ्यांमुळेच. गाणारा एक आणि बोलणारा दुसरा अशी वाटणी असल्याने दोन्ही आवाजांनी एकमेकांशी जुळण्याची गरज कोणाला भासली नाही.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ही वाटणी मोडली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले, आणि त्यात दुष्यंताचे पद दुष्यंतानेच, शकुंतलेचे पद शकुंतलेनेच गायले. पदे पुष्कळ होती. पण साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा कीर्तन-आख्यानांतून कानावर पडलेल्या छोट्या चालींचा त्यांत मोठा भरणा असल्याने एकेक पद थोडक्यात आटपे. कित्येक पदे म्हणजे लांबलेले, सुरात म्हटलेले संवादच होते. १८८२ मध्ये आलेल्या ‘सौभद्र’त ही हातोटी अधिक पक्की झाली. सुभद्रेचे ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे पद जवळून पाहण्यासारखे आहे. त्याची सुरुवात ‘वद’ या आज्ञार्थाने होते, म्हणजे समोर कोणीतरी ऐकणारे आहे हे पहिल्याच अक्षरात ठरते. पुढे ‘अग सखये’ असे संबोधन येते, आणि ते घरातल्या मुलीच्या बोलण्यासारखे म्हटले नाही तर सबंध पद हवेत तरंगत राहते. ‘अग’ या शब्दावर आलाप करणारा गायक सुभद्रेला तिथल्या तिथे विसरतो. किर्लोस्करांनी पद रचतानाच नटाच्या आवाजावर घातलेला हा लगाम आहे, आणि आजच्या गायकांपैकी फार थोड्यांना तो जाणवतो.

सुभद्रेच्या भूमिकेत ज्यांनी हे पद गाजवले ते बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर, लोकांचे ‘भावड्या’. चढी पट्टी, टिपेच्या सुरालाही न चिरकणारा गळा आणि लावणीच्या वळणाने जाणारी फिरत, असे त्यांच्या आवाजाचे वर्णन जुन्या लिखाणात भेटते. वर्णनावरच समाधान मानावे लागते, कारण भाऊराव १९०१ मध्ये वारले आणि हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ च्या अखेरीस. ज्या आवाजाने संगीत नाटकाला पहिला मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून दिला, तो आवाज दोनेक वर्षांच्या अंतराने कायमचा हातचा गेला.

चढ्या पट्टीचे एवढे अप्रूप का होते, याला एक साधे व्यावहारिक कारण आहे. ध्वनिवर्धक नव्हता. प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, गावोगावी तात्पुरत्या मांडवांतही होई, आणि पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकाला शब्द कळला नाही तर तो गप्प बसणारा नव्हता. माणसाच्या कानाला साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यातले ध्वनी सर्वांत लवकर टिपता येतात. ज्या आवाजात या पट्ट्यातली धार असते तो सारंगी-तबल्याच्या वरून निघून मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो. नुसता भरदार, घुमारा असलेला आवाज जवळून सुंदर वाटला तरी मांडवात विरून जातो. त्या काळचे लोक याला आवाजाची ‘फेक’ म्हणत. नटाच्या बोलण्याची पट्टीही याच कारणाने चढी राहिली, आणि त्यातून एक अनपेक्षित सोय झाली: गद्याचा सूर आणि पदाचा षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, एकमेकांजवळ आले. वाक्य संपता संपता नट सुरातच असे.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ने १८९९ मध्ये संगीत नाटकात एक समकालीन घर आणले, आणि पुढे त्या नाटकातून केशवराव भोसले हे नाव पुढे आले. कोल्हापूरच्या या मुलाने स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत शारदेची भूमिका करून नाव मिळवले. ‘मूर्तिमंत भीती उभी’ या पदाच्या पहिल्याच तीन शब्दांत जोडाक्षरे आणि महाप्राण व्यंजने दाटीने आली आहेत. ती गिळली तर भीती राहत नाही आणि ती ठासून म्हणायला गेले तर चाल मोडते. केशवरावांचा गळा जोरकस आणि चपळ होता, म्हणून त्यांना दोन्ही साधले. १९०८ मध्ये हुबळीला त्यांनी ललितकलादर्श मंडळी काढली, रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून तालीम घेतली, आणि पल्लेदार तानेचा तडफदार पुरुषी आवाज रंगभूमीवर रुजवला.

तोवर सांधा बऱ्यापैकी घट्ट होता. तो ताणला गेला १९११ पासून. त्या वर्षी १२ मार्चला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगमंचावर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येकांवर पूरब अंगाच्या ठुमरी, कजरी, दादरा यांची छाया होती. पाच वर्षांनी आलेल्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी रागदारी बंदिशींवरून चाली बांधल्या. साकी-दिंडीत सूर थोडा वेळ टेकायचा आणि वाक्य पुढे जायचे; आता सुराला राहायला ऐसपैस घर मिळाले. ऑर्गन आला, कादरबक्षांची सारंगी आली, पुढे अहमदजान थिरकवा यांचा तबला आला. एवढ्या वैभवात संवाद आणि गाणे ही दोन वेगळी माणसे होण्याची भीती सर्वांत जास्त होती, आणि ती बऱ्याच प्रमाणात टळली ती एका नटामुळे.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांचा आवाज भाऊरावांसारखा भेदक नव्हता आणि केशवरावांसारखा आक्रमकही नव्हता. गोडवा तर होताच, पण नुसत्या गोडव्यावर एवढे मोठे आयुष्य निघत नाही. त्यांची खरी किमया लयीत आणि शब्दाच्या शेवटात होती. ‘स्वयंवर’मधले, यमन रागातले ‘नाथ हा माझा’ घ्या. ‘नाथ’मधला आकार कोणत्याही गवयाला रेंगाळायला बोलावतो, आणि बहुतेक जण तिथेच रमतात. पण या ओळीचा नाट्यमय जीव ‘हा’ या दर्शक सर्वनामात आहे. डोळ्यांनी किंवा बोटाने कोणाकडे तरी निर्देश केल्याशिवाय मराठी माणसाच्या तोंडून ‘हा’ निघत नाही. बालगंधर्वांच्या तबकडीत तो शब्द सुरावर असूनही बोललेला वाटतो, आणि ‘माझा’वर एक छोटी मुरकी घेऊन ते ओळ जशी सोडतात तशी एखादी लाजरी मुलगी वाक्य अर्धवट सोडते. शब्द न तोडता तो लयीच्या किंचित मागे-पुढे ठेवणे, हे त्यांचे मुख्य साधन होते. बोलताना माणूस तालात बोलत नाही, हे त्यांनी गाताना ध्यानात ठेवले.

याच बालगंधर्वांच्या प्रयोगांत सांधा सर्वांत जास्त उसवलाही. ‘वन्समोअर’ आला की ते पद पुन्हा गात, पुन्हा आला की आणखी नव्या जागा घेऊन गात, आणि तोवर रंगमंचावरचे दुसरे पात्र ताटकळत उभे राही. प्रेक्षक खूष, तिकीटबारीही खूष. मंडळीचा डोलारा, भरजरी शालू आणि साजशृंगाराचा खर्च त्या गाण्यांवरच उभा होता. नाटक मात्र तेवढा वेळ थांबलेले असे. ज्या आवाजाने पात्र आणि पद एकजीव केले, त्याच आवाजाच्या मोहाने पुढच्या पिढीतल्या कित्येक नटांना पदापुरतेच पात्र उरले, हे मान्य करावे लागते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले: धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक समोरासमोर उभे राहिले. आवाजाच्या दोन जाती एका रात्रीत शेजारी शेजारी ऐकण्याची अशी संधी फार काळ राहिली नाही, कारण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले.

त्यांच्या जोमदार गायकीचा वारसा वेगळ्या तऱ्हेने पुढे नेला तो गोव्यातल्या मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी. १९१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. दीनानाथांच्या आवाजाला तलवारीच्या पात्याची उपमा देण्याचा प्रघात आहे आणि तो चुकीचा नाही; चपळ, धारदार, अनपेक्षित सुरावर झेप घेणारा तो गळा होता. वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’तले ‘परवशता पाश दैवे’ हे पद त्यांच्या तोंडी गाजले ते १९२७ नंतरच्या राजकीय वातावरणात, आणि तिथे सांधा नाटकातल्या पात्राशी जितका होता तितकाच प्रेक्षागृहातल्या माणसाशी होता. पारतंत्र्याबद्दलचे ते वाक्य समोर बसलेल्या प्रत्येकाला उद्देशून होते.

या काळातल्या आवाजांबद्दल आपण आज जी मते बाळगतो ती बहुतांशी तबकडीवर बेतलेली आहेत, हे विसरून चालत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. त्या वेळात पद बसवायचे तर आधीचे गद्य सोडावे लागे आणि पुढचेही. आपल्यापर्यंत पद पोहोचले, सांधा पोहोचला नाही. घरोघरी तबकड्या वाजू लागल्यावर लोक नाट्यगीत नाटकावाचून ऐकायला शिकले, आणि नाट्यसंगीत मैफलीचा शेवटाकडचा जिन्नस होण्याचा रस्ता तिथून मोकळा झाला.

१९३२ मध्ये मराठी चित्रपट बोलू लागला आणि मंडळ्यांचा कणा मोडला. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. पदे मोजकी, चाली केशवराव भोळे यांच्या, आणि स्त्रीची भूमिका स्त्रीने, म्हणजे ज्योत्स्ना भोळे यांनी केलेली. हिराबाई बडोदेकरांनीही त्याच सुमारास स्वतःची नाटक मंडळी चालवून स्त्रीचा गाता आवाज रंगभूमीवर प्रतिष्ठित केला होता. पुरुषाने लावलेला स्त्रीचा स्वर हा तोवरचा आदर्श होता. ज्योत्स्नाबाईंच्या आवाजात भावगीताचा हळुवारपणा होता, आणि १९४२ च्या ‘कुलवधू’तले ‘बोला अमृत बोला’ ऐकताना जाणवते ते हेच की गाणारी बाई कोणाला गाऊन दाखवत नसून आपल्या घरात वावरते आहे.

साठच्या दशकात संगीत नाटक पुन्हा उभे राहिले तेव्हा माइक होता. फेकीची सक्ती गेली. ‘मत्स्यगंधा’साठी १९६४ मध्ये जितेंद्र अभिषेकी यांनी केलेल्या चाली या बदललेल्या परिस्थितीच्या आहेत: पदे आटोपशीर, पुनरावृत्ती कमी, भाव पहिल्या ओळीतच पुढे. रामदास कामतांचे ‘गुंतता हृदय हे’ आणि आशालता वाबगावकरांचे ‘अर्थशून्य भासे मज हा’ ही दोन्ही पदे ध्वनिवर्धक नसलेल्या मांडवात निम्मी हरवली असती.

आणि मग १९६७ मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ आले, संगीत पुन्हा अभिषेकींचे. या नाटकाचा विषयच आवाज होता. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्यात पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या घराण्यांच्या दोन ढंगांत येते; शब्द तेच, पण पंडितजींच्या बाजूला ते संथ आणि समाधानी, तर खाँसाहेबांच्या बाजूला अस्वस्थ, वेगवान. वसंतराव देशपांडे खाँसाहेब झाले. रूढ अर्थाने तो आवाज गोड म्हणता आला नसता. त्याला किंचित नाकातली धार होती आणि दीनानाथांच्या गायकीचे संस्कार त्यात स्पष्ट दिसत. परंतु खाँसाहेबांच्या बोलण्यातली उर्दू ढबीची मराठी, मधेच चढणारा पारा, वाक्य अर्ध्यात तोडण्याची लकब आणि त्यांची तान यांचा उगम एकच होता. रागावलेला माणूस जसा बोलता बोलता उसळतो तशी ती तान उसळे, आणि ती संपल्यावर पुढचे वाक्य त्याच श्वासावर येई.

गोव्याच्या देवळांसमोर उत्सवात आजही संगीत नाटके होतात. गावातली हौशी माणसे भूमिका करतात, आणि ऑर्गनवर बसलेल्या वादकाची नजर स्वरपट्टीवर नसते. ती नटाच्या तोंडावर असते. गद्याचे शेवटचे वाक्य निम्म्यावर आले की तो हलकेच षड्ज धरतो. नट चांगला असेल तर त्याचे शेवटचे दोन शब्द बोलतानाच त्या षड्जावर येऊन बसतात, आणि पद नेमके कोणत्या अक्षरापासून सुरू झाले हे पहिल्या रांगेतल्या माणसालाही सांगता येत नाही.