खासगी विहिरीच्या पाण्याची तपासणी

घरगुती वापरातील विहीर, आड किंवा बोअर यांचे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, हे नमुना घेऊन प्रयोगशाळेत पडताळण्याची प्रक्रिया. नळाच्या पाण्याची जबाबदारी महापालिकेची, गावविहिरीची ग्रामपंचायतीची. आपल्या आवारातल्या विहिरीची मात्र मालकाची आणि सोसायटीच्या बोअरची सोसायटीची. तपासणी केली नाही म्हणून दारात येऊन सहसा कोणी विचारत नाही.

पुण्याच्या पेठांतील वाड्यांत आड असत, तेव्हा पाण्याची पारख जिभेवर आणि चुलीवर होई. तुरीची डाळ मऊ शिजली, साबणाला फेस आला की पाणी गोडे. कितीही लाकडे सारली तरी डाळ शिजेना, की पाणी जड. ही पारख खोटी नव्हे. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की डाळ शिजायला वेळ घेते आणि फेसही येत नाही. म्हणजे आजी चुलीवर पाण्याचे काठिण्यच मोजत होती. पण तेवढेच मोजत होती. नायट्रेटला चव नसते, आणि रोगजंतू असलेले पाणीही काचेसारखे नितळ दिसू शकते. आज आजीची जागा खिशातल्या टीडीएस मीटरने घेतली आहे. तो विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो, जंतूंबद्दल अवाक्षर काढत नाही. फिल्टर विकायला आलेला माणूस मीटर बुडवून आकडा दाखवतो, तेव्हा एवढे लक्षात ठेवलेले बरे.

पुणे दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. वरचा मुरूम आणि खालच्या कातळातील भेगा व सांधे यांतून भूजल वाहते. वाळूच्या जाड थरातून पाणी झिरपताना जसे गाळले जाते, तसे भेगेतून धावणारे पाणी गाळले जात नाही. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा असे सांगतात. भेग दोघांना जोडणारी असेल तर तेवढे अंतरही पुरत नाही. पहिल्या जोरदार पावसात शेणखत, सांडपाणी आणि अंगणातली घाण सरळ विहिरीत उतरते, म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, अशी वर्षातून दोनदा तपासणी करावी. उरुळी देवाची-फुरसुंगी येथील कचरा डेपोच्या भोवतालच्या विहिरी दूषित झाल्याची तक्रार तिथले लोक वर्षानुवर्षे करत आले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याजवळच्या नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी आणि सिंहगड रस्ता भागात गुलेन बॅरी सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला आणि नांदेड गावची विहीर चर्चेत आली. ती सार्वजनिक विहीर होती. त्या वेळी खासगी विहिरी व टँकर भरण्याच्या जागांचेही नमुने घेतले गेले. कारण उपनगरातल्या अनेक सोसायट्यांच्या टाकीत उतरते ते पाणी कुणाच्या तरी खासगी विहिरीचेच असते.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० (२०१२) लागू आहे. त्यानुसार सामू (पीएच) ६.५ ते ८.५ असावा. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत. काठिण्यासाठी हेच आकडे २०० व ६००, आणि फ्लोराइडसाठी १ व १.५. नायट्रेटला अशी सवलत नाही: मर्यादा ४५ मिलिग्रॅम. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, अजिबात आढळता कामा नये. अहवाल हाती आला की आधी ही शेवटची ओळ वाचावी. काठिण्याने गिझरवर पापुद्रा चढतो, ई. कोलायने घर आजारी पडते.

तपासणी बहुधा बिघडते ती नमुना घेतानाच. रासायनिक चाचणीला दोनेक लिटरचा स्वच्छ कॅन पुरतो. जंतूंच्या चाचणीला मात्र प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच लागते. तिच्या तळाशी दिसणारी पूड किंवा थेंब सोडियम थायोसल्फेटचा असतो; पाण्यातले क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी तो मुद्दाम घातलेला असतो. ‘बाटली अस्वच्छ दिसली’ म्हणून ती विसळून टाकणारे पुष्कळ भेटतात. पंप असेल तर नळाचे तोंड ज्योतीने शेकून दोन-तीन मिनिटे पाणी सोडून द्यावे. उघड्या विहिरीत बाटलीला दगड बांधून ती कठड्याला न लावता पृष्ठभागाच्या खाली बुडवावी. वर थोडी हवा ठेवून बूच लावावे, बर्फाच्या डब्यात ठेवावे आणि शक्यतो सहा तासांत, उशिरात उशिरा २४ तासांत पोचवावे. हायड्रोजन सल्फाइड चाचणीची छोटी बाटली घरीही वापरता येते: २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडले, तर विष्ठेचे प्रदूषण असण्याची दाट शक्यता. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय आणि राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा पुण्यातच आहेत. मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळाही नमुने घेतात.

पाणी उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. त्याला आरओ हवा किंवा दुसरे पाणी. जंतू आढळल्यास विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर टाकतात. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटरला २.५ ग्रॅम लागते. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल, तर साठा सुमारे २८,००० लिटर, म्हणजे पावडर ७० ग्रॅम. ती बादलीत कालवून चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा. गाळ विहिरीत गेला तर काठिण्य वाढते. वरची निवळी पोहऱ्याने खालपर्यंत नेऊन हलवावी आणि तासभर पाणी उपसू नये. मग ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टमध्ये पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे. जंतूंचा नमुना पुन्हा द्यायचा तो ही छटा येईनाशी झाल्यावर, आठवड्याभराने. क्लोरीन असताना घेतलेला नमुना विहिरीचा नव्हे, पावडरीचा निकाल सांगतो.