ख्रिस्ती साधनेचे नियम सौम्य होत गेले त्याची पार्श्वभूमी

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वसईतील कॅथलिक कुटुंबांचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो, आणि त्याच सुमारास अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत लेंतच्या, म्हणजे याच काळाच्या, प्रार्थनासभा भरू लागतात. रविवार वगळून ईस्टरपर्यंतच्या या चाळीस दिवसांत कोणी मांसाहार सोडतो, कोणी दारू सोडतो, कोणी रोज सकाळी बायबलचा एक अध्याय वाचून थोडा वेळ गप्प बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा देहदंडाचा प्रकार वाटतो, आणि सिनेमात दिसणारे चाबकाचे फटके व काटेरी पट्टे यांनी तो समज पक्का केला आहे. तसे प्रकार घडले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र उपवास, मौन, जागरण, मनन आणि ठरलेल्या वेळेची प्रार्थना या साधनांचा दोन हजार वर्षांचा प्रवास पाहिला, तर ज्यांचे नियम टिकले आणि ज्यांच्या मागे लोक गेले, त्यांपैकी बहुतेकांनी कठोरता वाढवली नव्हती. ती मोजून, बेताने कमी केली होती, असे ध्यानात येते.

सुरुवात यहुदी घरात झाली. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी येशू गृहीतच धरतो. त्याची तक्रार आहे ती त्यांच्या प्रदर्शनाविषयी. उपवास करणाऱ्याने डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे, म्हणजे उपवास लोकांना दिसणार नाही, असे तो सांगतो. अरण्यात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या याच येशूला त्याचे विरोधक 'खादाड' म्हणून हिणवत, हेही शुभवर्तमानातच नोंदलेले आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे 'दिदाखे' हे छोटे पुस्तक आठवड्याचे दोन उपवास नेमून देते. यहुदी सोमवारी आणि गुरुवारी उपवास करत, म्हणून ख्रिस्ती लोकांनी बुधवार आणि शुक्रवार पाळावा, आणि दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना म्हणावी, एवढेच त्याचे सांगणे आहे. या साऱ्या अभ्यासाला पुढे ग्रीक भाषेत 'आस्केसिस' हे नाव रूढ झाले. हा शब्द आखाड्यातला. मल्लाची किंवा धावपटूची रोजची मेहनत असा त्याचा मूळ अर्थ, आणि पौलानेही करिंथकरांना लिहिताना शर्यतीचा व मुष्टियुद्धाचाच दाखला दिला आहे.

३१३ साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि छळाचे दिवस संपले. आता ख्रिस्ती असण्यात धोका उरला नाही, पुढे पुढे तर सोयच झाली. इजिप्त, पॅलेस्टाइन आणि सीरियाच्या वाळवंटाकडे याच शतकात माणसांचा ओघ वाढावा, हा योगायोग म्हणता येत नाही. अँथनी मात्र त्यांच्याही आधी गेला होता. श्रीमंत तरुणाला येशूने दिलेला 'तुझे असेल नसेल ते विकून गरिबांना दे' हा उपदेश चर्चमध्ये वाचला जात असताना त्याने ऐकला, वडिलोपार्जित सुपीक जमीन देऊन टाकली आणि एकांत धरला. त्याच्याविषयीच्या आठवणींत एका शिकाऱ्याची गोष्ट आहे. अँथनी शिष्यांबरोबर हसतखेळत बसलेला पाहून तो शिकारी बिथरला. अँथनीने त्याला धनुष्य ताणायला सांगितले, मग आणखी ताणायला सांगितले. "एवढे ताणले तर मोडेल," असे शिकारी म्हणाला, तेव्हा साधकांचेही तसेच आहे, असे उत्तर त्याला मिळाले. वाळवंटातील या मंडळींच्या उपाशीपणाच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात, ही धनुष्याची कथा तुलनेने कमी.

एकट्याने राहण्यात कसोटी होती, तशी घसरणही होती. म्हणून पखोमियस या एकेकाळच्या सैनिकाने सुमारे ३२०च्या दरम्यान नाईलकाठी तबेन्नीसी येथे एकत्र राहणाऱ्या साधकांची वसाहत उभारली, आणि कामाचे, जेवणाचे व प्रार्थनेचे नियम प्रथमच लिहून काढले गेले. एव्हाग्रियस या विद्वान तपस्व्याने मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची यादी केली. पुढे सातच्या संख्येत स्थिरावलेल्या प्रमुख पापांचे मूळ तिच्यात आहे. त्यातल्या दुपारच्या मरगळीचे त्याचे वर्णन आजही कोणत्याही कचेरीत पटेल: सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, आणि कोणी भेटायला येते का म्हणून साधक सारखा खिडकीबाहेर डोकावत राहतो. या वाळवंटात राहून आलेल्या जॉन कॅसियनने पाचव्या शतकाच्या आरंभी ही शिकवण आजच्या फ्रान्समधील मार्सेयला नेली. पाहुणे आले की इजिप्तचे तपस्वी उपवास सोडत, कारण उपवास नेहमीच जवळ असतो, पाहुणा नेहमी नसतो, हा त्यांचा युक्तिवाद त्यानेच लिहून ठेवला आहे.

पश्चिमेकडे या सगळ्याला कायमचे वळण लागले ते सहाव्या शतकात, इटलीतील मोंते कासिनोच्या मठात. बेनेडिक्टने तेथे लिहिलेल्या नियमावलीत ७३ प्रकरणे आहेत, आणि प्रस्तावनेतच तो सांगतो की आपण प्रभूच्या सेवेची एक शाळा उघडत आहोत व तिच्यात काही जाचक किंवा अवजड नसावे, अशी आपली आशा आहे. दिवसाच्या सात प्रार्थना आणि एक रात्रीची, आठवड्याभरात स्तोत्रसंहितेतील सर्व १५० स्तोत्रे, उरलेल्या वेळेत हाताचे काम आणि वाचन, अशी त्याची वाटणी आहे. आळस हा आत्म्याचा शत्रू, हे त्याचे वाक्य प्रसिद्धच आहे. परंतु त्याचा खरा पिंड बारीकसारीक तरतुदींत दिसतो. म्हातारे आणि मुले यांना जेवणाच्या वेळेची सक्ती नाही. झोपताना कमरेचा चाकू काढून ठेवावा, झोपेत लागेल. पहाटे उठताना एकमेकांना हळूच प्रोत्साहन द्यावे, कारण झोपाळू माणसांना सबबी फार सुचतात. द्राक्षारसाच्या बाबतीत तर तो जवळजवळ हात टेकतो: तो साधकांसाठी नाही असे आपण वाचतो खरे, पण आजच्या साधकांना हे पटवता येत नाही, तेव्हा निदान पोटभर पिऊ नये. साधकाला आपल्या मापाने न मोजता साधकाच्या मापाने नियम बेतणारा हा माणूस युरोपभरच्या मठांचा आधार ठरला, याचे मला नवल वाटत नाही.

मध्ययुगाचा बाकी हिशेब लांब आहे. येथे दोनच गोष्टी पुरेत. बाराव्या शतकात कार्थुसियन पंथाच्या दुसऱ्या गीगोने पवित्र वाचनाची शिडी चार पायऱ्यांत मांडली: वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द दर्शन. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत येशूच्या नावाचा छोटा जप श्वासाच्या लयीत करण्याची पद्धत रुजली, आणि चौदाव्या शतकात आथोस पर्वतावरील साधकांच्या वतीने ग्रेगरी पालामासने तिचे समर्थन केले. नामजपाशी असलेले तिचे साम्य मराठी वाचकाला सांगावे लागणार नाही.

१५२१ साली स्पेनमधील पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय फुटलेला बास्क सरदारपुत्र इग्नेशियस लोयोला येथील आपल्या घरी अंथरुणाला खिळला. शौर्यकथा मागितल्या, तर घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रेच होती. पडल्या पडल्या त्याने एक गोष्ट टिपली: दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा येई, पण नंतर मन कोरडे पडे, संतांसारखे जगण्याच्या कल्पनेने मात्र आलेली प्रसन्नता मागेही टिके. मनातल्या या चढउतारांवरून पुढची दिशा ओळखण्याची त्याची सारी पद्धत या निरीक्षणातून वाढली. पुढच्या वर्षी मान्रेसा गावी तो सुमारे दहा महिने राहिला. केस आणि नखे वाढू दिली, रोज तासन्‌तास गुडघ्यांवर काढले, एकदा तर आठवडाभर अन्नाला शिवला नाही; अखेर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने आज्ञा करून त्याला जेवायला लावले. या दिवसांनी त्याची प्रकृती कायमची बिघडवली, आणि याच दिवसांतल्या टिपणांतून 'आत्मिक साधना' हे पुस्तक घडले. १५४८ साली पोप तिसऱ्या पॉलच्या संमतीने ते छापले गेले.

हे पुस्तक वाचायचे नाही, करायचे आहे. चार 'आठवडे', म्हणजे सुमारे तीस दिवस, साधक मौनात राहतो, मार्गदर्शक त्याला मननाचे विषय देतो, आणि साधक शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून त्यात स्वतः शिरतो: रस्ता किती लांब, गोठा केवढा, कोण काय बोलते. ज्याला तीस दिवस मोकळे नाहीत, त्याने घरदार सांभाळून रोज थोडा वेळ द्यावा, अशी सोयही लेखकाने करून ठेवली आहे. देहदंडाविषयी तो स्पष्ट सांगतो की दुखले तरी चालेल, पण ते हाडापर्यंत जाऊ नये आणि आजार येऊ नये. १५४८ सालच्याच एका पत्रात त्याने फ्रान्सिस बोर्जा या सरदाराला उपवास आणि शरीरपीडा कमी करण्याचा सल्ला दिला. स्वतःच्या येशूसंघाला, म्हणजे जेझुइट पंथाला, त्याने मठातील सामूहिक स्तोत्रगायनाचेही बंधन घातले नाही, कारण हे लोक रस्त्यावर, जहाजावर, शाळेत असणार होते. बेनेडिक्टची साधना एका जागी रुजलेली होती. ही पिशवीत घालून नेता येण्यासारखी झाली.

प्रोटेस्टंट सुधारकांनी याच सुमारास प्रश्न मुळापासून उलटा केला. मार्टिन लूथर स्वतः मठात कडक उपवास आणि जागरणे केलेला माणूस. पुण्य साठवण्यासाठी केलेली साधना व्यर्थ आहे, हा त्याचा निष्कर्ष अनुभवातून आलेला होता. झुरिकमध्ये १५२२च्या उपवासकाळात एका छापखानेवाल्याच्या घरी मुद्दाम सॉसेज खाल्ले गेले आणि त्यावरून मोठा वाद पेटला. तरी साधना संपली नाही. लूथरने १५३५ साली आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थना कशी करावी याचे साधे पुस्तक लिहिले. अठराव्या शतकात जॉन वेस्ली आणि ऑक्सफर्डमधील त्याचे सोबती बुधवार-शुक्रवारचे जुने उपवास पुन्हा पाळू लागले, आणि त्यांच्या काटेकोर दिनक्रमाची थट्टा करणाऱ्यांनी दिलेले 'मेथडिस्ट' हे नाव पुढे एका मोठ्या पंथाचे नाव झाले.

इकडे गोव्यात १५४२ साली इग्नेशियसचा सोबती फ्रान्सिस झेवियर उतरला होता, आणि १५७९ साली त्याच संघाचा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज आला. गोव्यातल्या साष्टीत त्याची हयात गेली. धर्मांतरित लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. मग आम्हाला दुसरी का देत नाही, असा एका ब्राह्मणाचा प्रश्न त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच येतो. उत्तरादाखल सुमारे ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले आणि चर्चमध्ये वाचले जाऊ लागले. प्रसंगाला चित्रासारखे उभे करण्याची जेझुइट शिकवण आणि पुराणिकाची ओवी येथे एकत्र आली, असे मला वाटते: जो मौनात बसून मनन करणार नव्हता, तो ओवी ऐकता ऐकता गोठ्यापर्यंत पोहोचत होता. १६८४च्या पोर्तुगीज हुकमाने स्थानिक भाषेवर बंदी घातली आणि ही वाट गोव्यात दबली गेली.

मराठीत ती पुन्हा उघडली दोन शतकांहून अधिक काळानंतर, आणि प्रोटेस्टंट अंगणात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. मिशनरींनी आणलेल्या परक्या चालींच्या गीतांऐवजी त्यांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले; म्हणजे युरोपात एकांताकडे झुकलेली साधना येथे टाळांच्या संगतीत आली. १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. त्यांच्या विरक्तीचा भार संसारात कोणी वाहिला, हे लक्ष्मीबाईंच्या आठवणींत वाचावे. साधनेच्या इतिहासात ही बाजू सहसा लिहिली जात नाही. दरम्यान केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली बायकांच्या रोजच्या प्रार्थनेतून मोठी जागृती झाली होती, तीही मौनाची नव्हे, सामूहिक आणि मोठ्या आवाजातील प्रार्थनेची.

टिळकांचे इंग्रजीतील चरित्रकार जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. नगरहून तो पुण्यात शिवाजीनगरला आला. खादी घालून, जमिनीवर बसून, भारतीय आणि इंग्रज सदस्य एकाच पंगतीत जेवत, आणि मठाच्या प्रार्थनावेळांना आश्रमाचा दिनक्रम जोडत. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले व्हेरिअर एल्विन प्रथम याच संघातून भारतात आले.

कॅथलिक बाजूला मोठे बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर झाले. लोकभाषेत मिस्सा, म्हणजे मुख्य उपासनाविधी, सुरू झाला, आणि १९६६ साली पोप सहाव्या पॉलने सक्तीचे उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे एवढ्यांवर आणले. बाकीचा त्याग कसा करायचा हे बरेचसे विश्वासी माणसावर आणि स्थानिक धर्मसभेवर सोपवले. पुढच्या दशकात, मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो, जे इग्नेशियसची तीस दिवसांची साधना घेण्यासाठी नावाजलेले होते, त्यांनी पुण्यातील डी नोबिली कॉलेजात 'साधना' ही संस्था सुरू केली, आणि नंतर ती लोणावळ्याला नेली. श्वासाकडे लक्ष, शरीराच्या संवेदनांची जाणीव, मग प्रसंगचिंतन, अशा क्रमाने त्यांनी जुन्या अभ्यासाला विपश्यनेच्या आणि योगाच्या शेजारी बसवले. त्यांचे त्याच नावाचे पुस्तक १९७८ साली आले. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेत रिचर्ड फॉस्टर या क्वेकर लेखकाने बारा आत्मिक अभ्यासांवर लिहिलेल्या पुस्तकाने प्रोटेस्टंटांना उपवास आणि मौनाची पुन्हा ओळख करून दिली.

डिमेलो १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. १९९८ साली व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. आधीच्या पुस्तकांत पौर्वात्य शहाणपणाचे ग्राह्य अंश असले तरी नंतरचे लेखन ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून दूर जाते, असा तिचा आशय होता. ज्यांच्या पुस्तकातून हे सारे निघाले, त्या इग्नेशियसलाही आपली साधना लोकांना शिकवल्याबद्दल चौकशीला तोंड द्यावे लागले होते, आणि १५२७ साली अल्काला येथे त्याने ४२ दिवस तुरुंगात काढले होते.