बर्फाच्या खड्यांनी प्रिम्युला फुलत नाही

हिमालयातून आणलेल्या प्रिम्युला या डोंगरी फुलझाडाच्या कुंडीत रोज रात्री बर्फाचे चार खडे ठेवले, की मुंबईच्या गॅलरीतही ते दरवर्षी फुलते, असा सल्ला बागप्रेमींमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि रोपाला घातकही आहे.

हिमालयातील उंच कुरणांवर बर्फ वितळू लागताच जांभळ्या फुलांचे गोल चेंडू उभारणारे प्रिम्युला डेंटिक्युलाटा हिवाळाभर जमिनीलगतच्या जाड कळीच्या रूपात विश्रांती घेते. त्यावरची बर्फाची दुलई खरे तर उबेसाठी असते, कारण तिच्याखालची माती शून्य अंशाच्या आसपास टिकून राहते, हवा कितीही गोठली तरी. पुढच्या बहरासाठी असा गारवा अनेक आठवडे सलग लागतो. मुंबईत जानेवारीतल्या रात्रीही पारा सरासरी १७ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा तासाभरात वितळणाऱ्या खड्यांनी काय साधणार?

उलट ते पाणी कळीच्या बुडाशी साचते. दादरच्या एका गॅलरीत असे रोप मी हातात घेतले, तेव्हा पाने वरून हिरवी दिसत होती, पण बोटाने हलवताच देठासकट निघून आली. खाली तपकिरी, आंबूस वासाचा लगदा होता.

फुललेले रोप रोपवाटिकेतून आणलेच, तर पूर्वेच्या खिडकीत, पाणी झटकन निचरणाऱ्या ओलसर मातीत ठेवावे आणि त्या एका बहराचाच आनंद घ्यावा. डोंगरातून मात्र ते कधीही उपटून आणू नये.